मोटेची सोंड आणि शेलूबाजारचे बोके

भागिरथाबाईचा राग अख्ख्या शेलूबाजारला ठाऊक होता, पण तिचं कांद्याचं रोप त्याच्याही पुढं चार गावांना ठाऊक होतं. दिवाळी सरली की लांबलांबचे शेतकरी तिच्या मळ्यात येऊन रोपाच्या जुड्या घेऊन जात. बाई शेणखत तीनतीनदा चाळायची, ढेकूळ दिसलं की तळहातावर चुरायची आणि वाफा असा मऊ करायची की नुसतं बोट टेकवलं तरी रुतावं. तिचा नवरा पुंजाजी म्हणायचा, "आपल्या गादीपेक्षा इचा वाफा बरा, मी तठीच निजतो." पुंजाजी काही कधी वाफ्यात निजला नाही. मांजरं मात्र रोज यायची.

मऊ, कोरडी, चाळलेली माती दिसली की मांजराला राहवत नाही. ते येतं, उकरतं, आपलं काम उरकतं आणि मोठ्या शहाणपणानं वर माती लोटून निघून जातं. त्या लोटालोटीत नुकतं वर आलेलं रोप मुळासकट उलथं पडतं. शेलूबाजार पडलं हमरस्त्यावरचं बाजाराचं गाव. धान्याची गोदामं म्हणून उंदीर, उंदीर म्हणून मांजरं, आणि बाजारात सुकट-बोंबील म्हणून आणखी मांजरं. १९७४ सालच्या त्या दिवाळीनंतर तर कहरच झाला. कौलांवर मांजरं, कडब्यात मांजरं, पंपाच्या खोलीत मांजरं, आणि बोक्यांची भांडणं अशी की शेजारच्या घरात खून पडला असं पाहुण्याला वाटावं.

एका सकाळी भागिरथाबाई मळ्यात गेली तर चारातले तीन वाफे जागोजाग उकरलेले. ती रडत बसणाऱ्यांतली नव्हती. कमरेला पदर खोचून ती तडक उत्तमरावांच्या दारात जाऊन उभी राहिली. उत्तमराव गावातले जुने बागाईतदार. माळ्यांच्या बैठकीत शेवटचा शब्द त्यांचा. बाईच्या पाठोपाठ शालिकरामही आला. त्याचा मळा बाईच्या बांधाला लागून होता आणि त्याच्या वाफ्यात तर औषधालाही रोप उरलं नव्हतं. संध्याकाळी बैठक बसली. मांजरांसाठी दुधात विष घालून वाटी ठेवायची असा कागद तयार झाला आणि त्यावर पहिला अंगठा कोणी उठवला? भागिरथाबाईनं. अंगठा असा दाबला की शाई कागदाच्या मागं उतरली.

मग खरी अडचण आली. मांजरं मेली पाहिजेत हे सगळ्यांना मान्य होतं, पण मारायची कोणी? आपल्याकडं मांजर मारणं म्हणजे महापाप. हातून मांजर मेलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, हे लहान पोरालाही माहीत असतं. जो तो दुसऱ्याकडं पाहू लागला. शेवटी कोणीतरी मागून म्हणालं, "गुरांच्या दवाखान्यातल्या जगदेवले सांगू ना. त्याचं जनावराचंच काम हाय."

जगदेव दवाखान्यातला शिपाई, बौद्ध वस्तीत राहणारा. बैल आडवा पाडून दोर धरायचं काम तो बारा वर्षं करत होता. सहज म्हणून तो बैठकीच्या कडेला येऊन बसला होता. तो उठला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "भाऊ, पाप तुमचं अन् हात माह्ये, असं कसं चालन? आमी पंचशील घेतलं हाय. जीव मारनार नाई, हे त्यातलं पैलंच. मी ठेवत नाई." एवढं बोलून तो खाली बसला. त्याचं नाव मागून सुचवणारा कोण होता ते नंतर कुणी कबूल केलं नाही.

उत्तमरावांनी घसा साफ केला. "मंग न्याय सिदा हाय. ज्याचा अंगठा पैला, त्यानं वाटी ठेवाची. आजपासून चवथ्या बाजारी." सगळ्यांच्या माना एकदम भागिरथाबाईकडं वळल्या. तिथं गप्प बसली असती तर ती भागिरथाबाई कसली? उचलली जीभ लावली टाळ्याला. "ठेवीन! भेते का मी कोनाले?" ती म्हणाली आणि पदर झटकून घरी आली.

घरी पुंजाजी भाकरी खात होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. भाकरीचा तुकडा ताटात तसाच ठेवून त्यानं एवढंच विचारलं, "कोनत्या हातानं ठेवशीन?" बाई ताट वाढून घेऊन बसली. तिच्या ताटातली भाकरी तशीच राहिली. पन्नाशीला आलेल्या त्या बाईनं आजवर हातानं लावलं होतं, खुरपलं होतं, पाणी दिलं होतं. आता त्याच हातानं वाटी खाली ठेवायची आणि घटकाभरानं त्या वाटीभोवती काय पडलेलं पाहायचं, हे तिच्या डोळ्यांपुढं आलं. कबूल तर आपणच केलं, तेही चारचौघांत छाती काढून. तिला स्वतःचाच इतका राग आला की तो काढायला घरात दुसरं कुणी पुरलं नसतं.

सकाळी ती दवाखान्यात गेली. जगदेव ओटा झाडत होता.

"जगदेवा, तू एका बोलात सुटला. मी कशी सुटू?"

जगदेवनं झाडू बाजूला ठेवला. त्याच्या डोक्यात रात्रभर काहीतरी घोळत होतं असं दिसलं, कारण तो लगेच म्हणाला, "मावशी, आपन गोऱ्ह्याचं खच्चीकरन करतो, बोकडाचं करतो. मंग बोक्याचं काहून नाई? बोकेच थंड झाले त पिल्लं कोठून येतीन? पिल्लं नाई त मांजरं वाढत नाई. जी हायेत थी आपल्या मौतीनं मरतीन."

भागिरथाबाई त्याच्या तोंडाकडं बघतच राहिली. मग तिनं दोन्ही हात कमरेवर ठेवले. "अबे, हे कालच्या बैठकीत काहून नाई बोलला?"

"मले कोनी इचारलं? तुमी त वाटी कोन ठेवतो हेच पाहून राह्यले होते."

डॉक्टरचं नाव उदयसिंग. झुपकेदार मिशांचा, गरीब स्वभावाचा माणूस. त्यानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "होईल. बधिर करायचं इंजेक्शन आहे, पाच मिनिटांचं काम आहे. मांजरीचं पोट उघडण्याची सोय माझ्याकडं नाही, त्यामुळं नुसते बोके. पण बाई, एकूण एक बोके धरावे लागतील. दोनचार सुटले तर सगळी मेहनत पाण्यात. आणि मला सांगा, बोका धरणार कोण?"

"मी धरतो," जगदेव म्हणाला. "बैल धरतो, बोका काय मोठा?"

बोका मोठा निघाला. गोदामाजवळ कोंबड्या झाकायचं डालगं काठीनं टेकवून, खाली सुकट ठेवून, दोरी ओढून बाईनं पहिला बोका पकडला तो पिवळाधमक, कान फाटका, गालफडं ही एवढी. पोत्यातून टेबलावर काढला मात्र, आणि पुढं काय झालं ते कुणाला नीट सांगता येईना. बोका जगदेवच्या खांद्यावरून औषधांच्या कपाटावर, कपाटावरून डॉक्टरच्या पाठीवर आणि पाठीवरून खिडकीतून बाहेर गेला. डॉक्टर बाकावर चढलेले, शर्ट फाटलेला, जगदेवच्या हाताला बोरी-बाभळीतून काढल्यासारखे ओरखडे. "बैल आणा, रेडा आणा," डॉक्टर बाकावरूनच म्हणाले, "पण हे ध्यान परत माझ्या टेबलावर नको!"

झालं. आता वाटीच. बाई घरी आली ती सरळ गोठ्यात जाऊन बसली. पहिला बाजार तोंडावर आलेला. समोर खुंटीला विहिरीचं पाणी उपसायची जुनी मोट टांगलेली होती. सात वर्षांपूर्वी विहिरीवर विजेचा पंप बसला आणि चामड्याची मोट खुंटीला गेली. पण पुंजाजी दर दिवाळीला तिला तेल लावायचा. त्या मोटेनं त्याच्या बापाचा मळा भिजवला होता. मोटेला खाली सोंड असते, पाणी विहिरीकाठच्या थारोळ्यात ओतायची, वीतभर रुंद आणि दोन हात लांब चामडी नळी. बाई त्या सोंडेकडं बघत होती. बघता बघता ती ताडकन उठली. कातडं जाड, नख आरपार जायचं नाही. दोन्ही तोंडं उघडी, श्वास कोंडायचा नाही. आत अंधार, आणि घाबरलेलं मांजर नेहमी अंधारातच शिरतं. तिनं विळा घेतला आणि सोंड मोटेपासून कापून काढली.

पुंजाजी दारात उभा होता. बाईच्या हातातला विळा तसाच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा ती नवऱ्याला घाबरली असेल. पुंजाजीनं कापलेली मोट पाहिली, सोंड हातात घेतली, आतून बोटं फिरवली. "आतून कडक झाली," तो म्हणाला. "तेल आन. मांजराले लागन." दोघं गोठ्यात बसून सोंडेला तेल चोळत राहिली. बाईचे डोळे भरून आले होते, पण तिनं ते तेलाच्या वासावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी तोच पिवळा बोका पुन्हा सुकटीला फसला. पोत्याच्या तोंडाला सोंडेचं तोंड लावलं, आणि आतला गडी अंधार बघून आपणहून सोंडेत शिरला. पुढून बाईनं सोंड बोक्याच्या नाकापाशीच चिमटीत धरली, श्वासापुरती फट ठेवून. मागं शेपूट आणि दोन पाय बाहेर राहिले ते जगदेवनं धरले. बोका एकदा गुरगुरला आणि गप्प झाला. डॉक्टर दाराच्या बाहेर उभे होते. ते एक पाऊल आत आले, मग आणखी एक.

"हलत नाही?"

"नाई हलत. लवकर या ना, डॉक्टरसाहेब!"

इंजेक्शन दिलं, थोडा वेळ थांबले, आणि काम झालं. खूण म्हणून जगदेवनं जखमेला लावायचं जांभळं औषध कापसानं शेपटीला फासलं. सोंड सैल सोडली. बोका मागं मागं सरकत बाहेर आला, त्यानं अंग झाडलं, आपली जांभळी शेपटी पाहिली, चाटली आणि कोपऱ्यात बसून सुकट खाऊ लागला. डॉक्टर उदयसिंग त्याच्याकडं बघत म्हणाले, "जगदेव, चहा सांग. तिघांना सांग. नाही, थांब, पुंजाजीलाही बोलाव!" भागिरथाबाई तिथल्या तिथं टाळी वाजवून हसली. अशी ती तिच्या लग्नातही हसली नसेल.

पुढचे पंधरा दिवस शेलूबाजारात जे चाललं होतं त्याला काम म्हणावं की जत्रा, हे ज्यानं त्यानं ठरवावं. माळ्यांच्या गल्लीतल्या बायांनी डालगी काढली. बौद्ध वस्तीतून जगदेवच्या सांगण्यावरून आठ-दहा जण आले. त्यांत जिजाबाई नावाची एक म्हातारी होती, ती नुसतं ओठांनी चुकचुक केलं की बोका कौलावरून खाली उतरायचा. आधी कोण कुणाच्या ओट्यावर बसतं हा प्रश्न होता. पण एका हातात दोरी आणि समोर बोका असला की माणूस ओटा बघत नाही. जिजाबाई भागिरथाबाईच्या ओट्यावर बसून चुकचुक करायची आणि भागिरथाबाई दोरी ओढायची. बोका सापडला की दोघी एकदमच ओरडायच्या. सोंड सकाळी दवाखान्यात जायची आणि पुंजाजी रोज न चुकता तिला तेल लावून द्यायचा.

गावभर जांभळ्या शेपटीचे बोके दिसू लागले. बसमधून उतरणारे परगावचे लोक थबकून बघायचे. हॉटेलवाला गिऱ्हाइकांना सांगायचा, ही इकडची जातच आहे. डॉक्टरांना आता इतका उत्साह आला होता की ते बैलाच्या आधी बोका घ्यायचे. ज्यांच्या शेतवस्तीवर उंदीर आणि घुशींनी उच्छाद मांडला होता त्यांना बायांनी पिल्लं वाटली. ज्वारीच्या कणग्याजवळ एक मांजर पुरतं म्हणून लोक मागून घेऊन गेले. दुसरा बाजार झाला तेव्हा साध्या शेपटीचा बोका गावात शोधूनही सापडेना. बाईला आता भाकरी गोड लागायला लागली होती. ती उत्तमरावांना मुद्दाम वाटेत गाठून म्हणाली, "पाहून घ्या गाव फिरून." उत्तमराव म्हणाले, "पाहीन. अजून दोन बाजार हायेत."

तिसऱ्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी शालिकरामनं तिला बांधावरून हाक मारली. त्याच्या नव्यानं टाकलेल्या वाफ्यात दोन बोके भांडत होते. दोन्हींच्या शेपट्या साध्या.

"हे काय वं, भागिरथाबाई? झाले होते ना सारे?"

दुपारपर्यंत आणखी तीन दिसले, एक माजलेला काळा आणि दोन नुकते वयात आलेले. जिजाबाई म्हणाली, यातला एकही मी कधी पाहिला नाही. मग आले कुठून? आभाळातून पडले? शालिकराम तर उघडच बोलू लागला की हा सगळा जांभळा खेळ आहे, वाटी ठेवायची टाळायला बाईनं काढलेला. हे बाईला लागलं, कारण ते अर्धं खरं होतं.

ती रात्र तिनं कशीबशी काढली. पहाटे उठून चुलीपुढं बसली असताना तिच्या एकदम ध्यानात आलं, आणि आलं ते असं की तिनं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. गेल्या वर्षी घरची मांजर व्याली होती. मारायचं तर पाप. मग तिनं काय केलं? दोन पिल्लं पिशवीत घातली, शिरपूरची बस धरली आणि तिथं जैनांच्या देवळाजवळ सोडून आली. तिथं यात्रेकरू असतात, जीवदया असते, पिल्लांना दूध मिळेल, असं मनाचं समाधान करून. त्याच्या आदल्या वर्षी तीन. तिच्या सासूनंही तेच केलं होतं. अहो, सगळा मुलूखच तेच करत होता! मारायचं नाही, म्हणून पोत्यात घालायचं आणि बाजाराच्या दिवशी दुसऱ्या गावात सोडायचं. आपलं पाप टळलं, मांजर सुखी झालं. आणि शेलूबाजार हे तर साऱ्यांचंच बाजाराचं गाव. आजूबाजूची गावं वर्षानुवर्षं आपली मांजरं इथं आणून टाकत होती आणि इथली माणसं आपली तिकडं नेऊन टाकत होती. आणि वर बैठक भरवून विचारत होती की मांजरं वाढली कशी.

ती धावतच जगदेवकडं गेली. खात्री करायला दोघं त्याच दिवशी हमरस्त्यावर, जीपगाड्या थांबतात तिथं उभी राहिली. धनजकडून आलेल्या जीपमधून एक माणूस पोतं घेऊन उतरला. पोतं हलत होतं.

"काय हाय गा पोत्यात?" बाईनं विचारलं.

"काई नाई. भोपळे."

पोत्यातले भोपळे म्यांव म्हणाले. माणूस ओशाळला. मग चिडून म्हणाला, "कायले डोळे वटारता? तुमच्या गावचे आमच्या इकडं सोडत नाईत का? मागल्या मयन्यात दोन सोडून गेले!"

बाईला हसू आवरेना. तो माणूस अजूनच गोंधळला. तिनं त्याच्या हातातलं पोतं घेतलं, त्याला दवाखान्यात नेलं, पाच मिनिटांत बोका जांभळा करून त्याच्याच हातात परत दिला. "घरी घेऊन जाय. हा आता भांडनार नाई, भटकनार नाई, पिल्लं होनार नाई. घरातले उंदीर मारन अन् चुलीपाशी बसन. सोडू नोको त्याले."

आता बाईकडं एकच बाजार उरला होता, आणि करायचं काय ते तिला स्वच्छ दिसत होतं. पोती अडवून भागायचं नाही, पोती बोलवायची! रोपाच्या जुड्या घ्यायला रोज चार गावचे लोक तिच्या मळ्यात येत. जो येई त्याला ती जुडी देता देता सांगू लागली, "येत्या बाजारी घरचा बोका पोत्यात घालून गुरांच्या दवाखान्यात आना. फुकट काम होते. सोडाले आनता तसाच आना, पन वापस घेऊन जा." भाजीवाल्या बायांनी तेच आपल्या पाट्यांवरून सांगितलं. कोथिंबिरीच्या जुडीबरोबर, वांग्यांबरोबर, मेथीबरोबर निरोप घरोघर गेला. जगदेवनं वस्तीतल्या पाहुण्यारावळ्यांना सांगितलं. डॉक्टरांनी अकोल्याहून जादा औषध मागवलं. आणि पुंजाजीनं काय करावं? त्यानं उरलेली मोट उतरवली, तिचं कातडं कापलं आणि स्वतःच्या हातानं शिवून आणखी दोन सोंडी तयार केल्या. बाईनं विचारलं, "जीव नाई दुखला?" तो म्हणाला, "तेल लावाले आता कारन झालं."

चौथा बाजार उजाडला. भागिरथाबाई उन्हं वर यायच्या आत दवाखान्यात पोचली. अंगण रिकामं. एक पोतं नाही. ती दारात उभी राहिली, मग रस्त्यापर्यंत गेली, मग परत आली. जगदेव सोंडी मांडत होता, पण तोही सारखा रस्त्याकडं बघत होता. तेवढ्यात पहिली जीप थांबली. एक पोतं उतरलं. मग दुसरं. मग बैलगाडी आली, तिच्यात दोन डालगी आणि एक पोतं. शिरपूरच्या बसमधून एक बाई मांडीवर झाकलेली दुरडी घेऊन उतरली. बघता बघता अंगण भरलं. पोती हलत होती, गुरगुरत होती, माणसं एकमेकांना सांगत होती की माझं जास्त चावरं आहे. कोणी म्हणे, "पैले माह्या नंबर," कोणी म्हणे, "माह्या बोक्याले दम नाई." जिजाबाई रांग लावत होती. तीन सोंडी एकदम चालल्या होत्या आणि डॉक्टरांच्या मिशीलासुद्धा जांभळं औषध लागलं होतं. भागिरथाबाई घामानं निथळत होती आणि तिला इतका आनंद झाला होता की तो मावेना. ती प्रत्येक बोक्याला शिव्या देत होती.

दुपारी उत्तमराव आले. एका हातात दुधाची वाटी, दुसऱ्या हातात कागदाची पुडी. मागं शालिकराम आणि बैठकीतले बाकीचे. अंगणातला गलका हळूहळू थांबला.

"काम चांगलं केलं, बाई," उत्तमराव म्हणाले, "पन कागद कागद हाय. अजून मोकाट बोके हायेतच. शालिकराम ऐकत नाई. त्याचं रोप दोनदा गेलं."

"दोनदा गेलं," शालिकराम म्हणाला. "मी काय लावू आता? तिनं कबूल केलं होतं चारचौघांत. ठेव वाटी, भागिरथाबाई."

उत्तमरावांनी वाटी पुढं केली. बाईच्या हातात सोंड होती, सोंडेत कुणाचा तरी बोका होता. ती वाटीकडं बघत राहिली. सगळं अंगण तिच्याकडं बघत होतं. मोजून दाखवावं, समजावून सांगावं, अजून एक महिना मागावा, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण यातलं काहीच तिच्या तोंडून निघालं नाही.

"मी ठेवत नाई," ती म्हणाली.

उत्तमराव काही बोलणार तेवढ्यात तीच पुढं म्हणाली, "चुकली मी. रागात अंगठा देल्ला अन् गुर्मीत हो म्हनलं. जगदेवनं त्याच दिवशी नाई म्हनलं, मले म्हनता आलं नाई. लोक काय म्हनतीन म्हून आली नाई ती हिंमत. बोके सारे झाले काय अन् नाई झाले काय, मी वाटी ठेवनार नाई. शालिकराम, माह्या चारी वाफ्यातलं अर्दं रोप तुह्यं. आजच उपटून ने. पन वाटी नाई."

तिला इतकं हलकं वाटत होतं की त्या दिवशी बैठकीत आपण हेच का म्हटलं नाही याचं तिला नवल वाटलं. जगदेव खाली मान घालून बोक्याचे पाय धरून होता. त्याच्या तोंडावर हसू पसरलं होतं.

शालिकराम मात्र पेटला. "मंग मीच ठेवतो!" त्यानं उत्तमरावांच्या हातातली वाटी घेतली, पुडी घेतली आणि तो वळला. रांगेतली माणसं आपापली पोती पोटाशी घेऊन बाजूला सरली. त्या रांगेत सहाव्या नंबरला त्याची बायको रुपाबाई उभी होती. तिच्या काखेत पोतं होतं आणि पोत्याच्या तोंडातून घरचा ढवळा बोका मुंडकं काढून बघत होता. शालिकरामच्या मांडीवर बसून रोज भाकर खाणारा.

शालिकराम जागीच थांबला. "तू काहाले आली?"

"तुमीच म्हनता मोकाट बोके उरले," रुपाबाई म्हणाली. "आपला घरी बसते का रातचा? याची शेपटी साधीच हाय. तुमी खुशाल वाटी ठेवा. पन मी याले कुठं ठेवू, थे सांगा."

शालिकराम वाटीकडं बघत होता आणि ढवळा त्याच्याकडं बघत होता. ओळखीचा माणूस दिसला म्हणून तो म्यांव म्हणाला. दुधाचा वास आला असेल, कारण तो पोत्यातून पुढचा एक पाय काढून वाटीकडं वाकला. शालिकराम दचकून मागं सरला. त्यानं वाटी उंच धरली. मग दवाखान्याच्या मोरीत दूध ओतून टाकलं, पुडी उत्तमरावांच्या हातात परत दिली आणि रुपाबाईच्या काखेतून पोतं ओढून घेतलं. रांगेतले पुढचे पाच जण बाजूला झाले.

तो भागिरथाबाईपुढं येऊन बसला. पोत्याचं तोंड त्यानं दोन्ही मुठींत गच्च आवळून धरलं होतं.

"कसं धराचं, सांग," तो म्हणाला.

भागिरथाबाईनं सोंडेचं तोंड पोत्याला लावलं आणि त्याचा हात धरून योग्य जागी ठेवला. "अशी धर. नाकापाशी मोकळं ठेव. भेऊ नोको, शालिकराम. थो तुह्यापेक्षा जास्त भेलेला हाय."